ड्राइव्हवरची मोटर जळते, तेव्हा दोष कोणाचा?

न्हावा-शेव्याच्या क्रेन, थळचा खत कारखाना, डोलवीचा पोलाद कारखाना, कोळीवाड्यांलगतचे बर्फाचे कारखाने, गावोगावचे पाण्याचे पंप. रायगडच्या किनाऱ्यावर मोटरींना तोटा नाही. वीज वाचावी, वेग हवा तसा ठेवता यावा म्हणून मोटरींना आता व्हीएफडी, म्हणजेच ड्राइव्ह, जोडले जातात. पुढे मोटर जळाली की बोट खाऱ्या हवेकडे नाहीतर रिवाइंडिंगवाल्याकडे जाते. खरे कारण अनेकदा तिसरेच असते.

गैरसमज : मोटर ४१५ व्होल्टची, ड्राइव्हही ४१५ व्होल्टचा, जादा व्होल्टेज येईल कुठून?

वस्तुस्थिती : ड्राइव्ह आलेल्या विजेचे आधी सुमारे ५८७ व्होल्ट डीसीत रूपांतर करतो. मग त्यातले आयजीबीटी हे इलेक्ट्रॉनिक स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होऊन मोटरकडे स्पंद पाठवतात. प्रत्येक स्पंद ०.१ मायक्रोसेकंदाच्या आसपास पूर्ण उंची गाठतो. तो मोटरपाशी आदळून परततो आणि टर्मिनलवर व्होल्टेज जवळपास दुप्पट, म्हणजे ११७० व्होल्टपर्यंत चढू शकते.

गैरसमज : केबल लांब असली तर थोडा व्होल्टेज ड्रॉप येईल, एवढेच.

वस्तुस्थिती : केबलमधून स्पंद मायक्रोसेकंदाला साधारण १५० मीटर धावतो. त्या हिशेबाने सात-आठ मीटरच्या पुढे ही दुप्पट गाठली जाऊ शकते. पंप खाडीकाठी आणि पॅनेल पन्नास मीटरवर, ही मांडणी म्हणूनच धोक्याची. ड्राइव्ह मोटरजवळ बसवा. ते जमत नसेल तर त्याच्या आउटपुटला डीव्ही-डीटी किंवा साइन फिल्टर लावा. नव्या सिलिकॉन कार्बाइडच्या ड्राइव्हमध्ये स्पंद आणखी झपाट्याने चढतो, त्यामुळे तिथे व्होल्टेज दुप्पट व्हायला सात-आठ मीटरहून कमी लांबीही पुरते.

गैरसमज : मेगर चांगला दाखवतो, म्हणजे वाइंडिंग ठणठणीत.

वस्तुस्थिती : मेगर वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधले इन्सुलेशन तपासतो. स्पंदाचा मार मात्र टर्मिनललगतच्या पहिल्या काही वेढ्यांवर, एका वेढ्यापासून दुसऱ्यापर्यंत बसतो. तारांमधल्या हवेच्या बारीक पोकळ्यांत सूक्ष्म ठिणग्या पडतात, ओझोन तयार होतो, इनॅमल झिजत जाते. अशी मोटर उघडली तर बाकी वाइंडिंग स्वच्छ आणि एकाच कॉइलच्या टोकाशी काळा डाग दिसू शकतो. हा कमकुवतपणा सर्ज टेस्टमध्ये कळतो. आणि मेगर लावण्याआधी मोटर ड्राइव्हपासून सोडवायला विसरू नका.

गैरसमज : सगळा दोष खाऱ्या, दमट हवेचा.

वस्तुस्थिती : ओल आणि मीठ साचले की ठिणग्या कमी व्होल्टेजलाच सुरू होऊ शकतात. म्हणजे हवा हा साथीदार आहे, एकटा गुन्हेगार नव्हे. पावसाळ्यात बंद राहणाऱ्या मोटरीचा स्पेस हीटर चालू ठेवा.

गैरसमज : नेमप्लेटवर क्लास एफ, आयपी ५५, आयई ३ आहे, मग ड्राइव्हवर चालेलच.

वस्तुस्थिती : क्लास एफ म्हणजे १५५ अंश सेल्सिअसपर्यंतची उष्णता, आयपी ५५ म्हणजे धूळ-पाण्यापासून बचाव, आयई ३ म्हणजे कार्यक्षमता. स्पंद सोसण्याची हमी यांतले एकही देत नाही. त्यासाठी आयईसी ६००३४-१८-४१ हे मानक आहे.

पण म्हणून ड्राइव्ह काढून टाकू नका. पंख्याचा वेग ८० टक्क्यांवर आणला की त्याला लागणारी वीज जवळपास निम्मी होते. ही बचत सोडण्यासारखी नाही. मात्र मोटर, केबल आणि ड्राइव्ह वेगवेगळे विकत घेऊ नका. कोटेशन मागतानाच केबलची लांबी कळवा, मोटर या मानकात बसते का ते लेखी घ्या आणि रिवाइंडिंगला देताना मोटर ड्राइव्हवर चालते, हे आवर्जून सांगा.