जुना बंब घ्यावा का?

बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा हे नाव तुमच्यापैकी काहींनी इतिहासात वाचले असेल. १७२४ साली निजाम-उल्-मुल्क आणि मुबारिझखान यांची निर्णायक लढाई येथे झाली. आज मात्र आपण तेथे एका घरगुती कामासाठी जाणार आहोत.

समजा, साखरखेर्ड्यातील एका घरात आजीच्या गुडघ्यांना सकाळी गरम पाणी लागते. पहाटे वीज असेलच असा भरवसा नाही आणि सिलिंडर स्वयंपाकासाठी जपून वापरायचा आहे. शेतात तुराट्या, पऱ्हाट्या आणि बाभळीच्या वाळलेल्या फांद्या मात्र भरपूर आहेत. अशा वेळी शेजारच्या गावातून एक जुना तांब्याचा बंब विकायला येतो. चिंच लावून घासल्यामुळे तो नव्यासारखा झळकत आहे. वडील तुम्हाला विचारतात, "तू विज्ञान शिकतोस ना? मग सांग, घ्यावा का हा?"

उत्तर देण्याची घाई करू नका. बंबाची झळाळी पाहून काहीच ठरत नाही. चिंचेतील आम्ल तांब्यावरचा ऑक्साइडचा काळा थर विरघळवते, म्हणून तांबे चमकते. ती चमक बाहेरच्या पत्र्याची असते. बंबाचे आयुष्य ठरते ते आतल्या नळ्यावर.

बंबाची रचना

बंब म्हणजे पाण्याचे एक उभे पिंप आणि त्याच्या मधोमध आरपार गेलेला नळा. नळ्याच्या तळाशी जाळी असते. लाकडे जाळीवर जळतात, खालून हवा येते, राख खाली पडते आणि तापलेले वायू हलके होऊन नळ्यातून वर जातात. वर जाता जाता ते आपली उष्णता नळ्याच्या भिंतीला देतात व भिंत ती पाण्याला देते. विस्तव चारही बाजूंनी पाण्याने वेढलेला असल्यामुळे उघड्या चुलीपेक्षा येथे उष्णता कमी वाया जाते.

लाकडाच्या ज्वाळेचे तापमान ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ शकते, तरी नळा सुखरूप राहतो. याचे कारण एका सोप्या प्रयोगातून कळेल. शिक्षकांच्या देखरेखीखाली साध्या कागदाच्या द्रोणात पाणी घ्या आणि तो लहान ज्योतीवर धरा. पाणी तापते, पण पाण्याच्या पातळीखालचा कागद पेटत नाही. पाणी उष्णता सतत ओढून घेत असल्यामुळे कागद १०० अंशांच्या फारसा वर जाऊच शकत नाही. नळ्याचेही तसेच आहे. पाणी असेपर्यंत तो सुरक्षित असतो. पाणी संपले की तो झपाट्याने तापतो. तांबे १०८५ अंशांना वितळते, पण कथील आणि शिसे यांचे साधे डाख १८३ अंशांपासूनच मऊ होऊ लागते. कोरड्या बंबाचे सांधे म्हणूनच आधी सुटतात.

पाच परीक्षा

पहिली परीक्षा उजेडाची. रात्री नळ्यात विजेरी सोडा आणि पाणी भरण्याच्या तोंडातून आत पाहा. आतून प्रकाशाचा ठिपका दिसला, तर तेथे छिद्र आहे.

दुसरी पाण्याची. बंब काठोकाठ भरून कोरड्या फरशीवर ठेवा व नळ्याखाली वर्तमानपत्राचा कागद पसरा. रात्रभरात कागद ओला झाला, तर नळा गळतो. पाणी फार गार नसावे, नाहीतर हवेतील बाष्प बाहेरच्या पत्र्यावर जमेल आणि तुमची फसगत होईल.

तिसरी सांध्यांची. नळ्याच्या आतल्या बाजूस करड्या रंगाचे मऊ डाख दिसले, तर कोणीतरी स्वस्तात ठिगळ लावले आहे असे समजा. विस्तवाच्या बाजूला पितळी रंगाचा पक्का जोड हवा. अशा बंबाचे पाणी पिण्यास किंवा स्वयंपाकास वापरू नका, कारण डाखात शिसे असू शकते.

चौथी क्षारांची. विहिरीचे पाणी दुष्फेन असेल, तर नळ्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे कवच चढते. तांब्याच्या तुलनेत हे कवच शंभराहून अधिक पटींनी कमी उष्णतावाहक असते. कवचाआडच्या तांब्याची उष्णता पाणी लवकर ओढू शकत नाही, म्हणून ते तांबे अधिक तापते व लवकर झिजते. नळ्याच्या आतली काजळीही अशीच उष्णता अडवते, पण ती खरवडून काढता येते.

पाचवी वजनाची. समजा, बंबाचा व्यास ३५ सें.मी., उंची ४५ सें.मी. आणि नळ्याचा व्यास १२ सें.मी. आहे. बाहेरची भिंत, वरचे व खालचे झाकण आणि नळा मिळून सुमारे ८,३४० चौ. सें.मी. पत्रा होतो. पत्रा १ मि.मी. जाड असेल, तर त्याचे घनफळ ८३४ घन सें.मी. आणि तांब्याची घनता ८.९ धरून वजन सुमारे ७.४ किलो भरेल. तोटी, पाय आणि जाळी वगळून वजन ६ किलोच भरले, तर सरासरी जाडी ०.८ मि.मी. आहे. पण ही सरासरी आहे, हे विसरू नका. बाहेरचा पत्रा जाड आणि नळा कागदासारखा पातळ असू शकतो. शिवाय आतले पांढरे कवचही वजनात तांब्याच्या भावाने विकले जाते!

आता हिशेब

बंब या परीक्षांत उतरला, तर विकणाऱ्याच्या समोरच तो पेटवून पाहा. वरील मापाच्या बंबात सुमारे ३८ लिटर पाणी मावते. पाणी २० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापवायला ३८ × ४० = १,५२० किलोकॅलरी उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोतून सुमारे ३,५०० किलोकॅलरी मिळतात. समजा, सव्वा किलो लाकूड जळले. म्हणजे ४,३७५ किलोकॅलरी खर्च झाल्या आणि कार्यक्षमता सुमारे ३५ टक्के आली. तीन दगडांच्या उघड्या चुलीत ती बहुधा १० ते १५ टक्केच असते. लाकूड ओले असेल, तर त्यातील पाण्याची वाफ करण्यातच बरीच उष्णता जाते. परीक्षेला लाकूड वाळलेलेच घ्या.

हेच पाणी विजेवर तापवले तर? एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. थोडी गळती धरून रोज दोन युनिट लागतील, म्हणजे थंडीच्या चार महिन्यांत सुमारे २४० युनिट. तुमच्या बिलावरील दराने याला गुणा. लाकूड घरचे असेल, तर तेवढी बचत. लाकूड विकत घ्यावे लागत असेल, तर त्याची किंमत वजा करा. बंबाची किंमत या बचतीतून किती हिवाळ्यांत वसूल होते, ते पाहा. नळा तेवढे हिवाळे टिकेल असे वाटत नसेल, तर तो बंब मोडीच्या भावापेक्षा जास्त किमतीचा नाही.

घेतलाच तर

आधी पाणी, मग विस्तव, हा क्रम कधीही मोडू नका. काही बंबांत वरून थंड पाणी ओतल्यावरच वरच्या तोटीतून गरम पाणी बाहेर येते. असा बंब सहसा रिकामा होत नाही. तोटी तळाशी असेल, तर विशेष लक्ष ठेवा. कोरडा तापलेला बंब दिसला, तर त्यात गार पाणी ओतू नका. विस्तव काढा आणि बंब आपोआप निवू द्या. पाण्याचे झाकण कधीही घट्ट बांधू नका. पाण्याची वाफ झाली की तिचे आकारमान सुमारे १,६०० पट वाढते. तिला वाट मिळाली नाही, तर बंब फुटेल.

बंब अंगणातच ठेवा. बंद न्हाणीघरात धुमसणाऱ्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड जमतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो आणि माणूस बेशुद्ध होतो, तेव्हा त्याला काही कळतही नाही. ज्या आजीच्या सुखासाठी बंब आणला, तिलाच तो धोका ठरू नये.

तर वडिलांना काय सांगाल? "नळा शाबूत असेल, लाकूड घरचे असेल आणि जागा अंगणात असेल, तर घ्या. यांपैकी एक जरी कमी असेल, तर नको." शिक्षकांनी वर्गात हा हिशेब जरूर करून घ्यावा. ज्यांच्या घरी बंब आहे, त्यांनी तराजू आणि तापमापक घेऊन आपल्या बंबाची कार्यक्षमता काढावी. आकडा ३५ पेक्षा कमी आला, तर आधी लाकूड वाळलेले होते का ते पाहा आणि मग नळ्यातील काजळी तपासा!