पाचवीच्या दप्तरात

१/४ मोठा की १/८? ‘आठ हे चारापेक्षा मोठे’ हे पहिलीपासून पक्कं केलेलं मूल बेधडक १/८ कडे बोट दाखवतं. मग एक कागद घ्यायचा. दोनदा मधोमध घडी घातली की चार भाग होतात, तिसऱ्यांदा घातली की आठ. भाग वाढले आणि प्रत्येक भाग लहान झाला! चार वर्षांची खात्री एका घडीत मोडते.

बालभारतीची पाचवीची पुस्तकं सलग वाचली, की गंमत लक्षात येते. गणित, परिसर अभ्यास, मराठी ही पुस्तकं वेगवेगळी असली तरी सगळी मुलाकडून एकच गोष्ट करून घेतात. डोळ्यांना दिसतं तिथेच थांबायचं नाही. हिशेबाने, पुराव्याने त्याच्या पलीकडचं पाहायचं.

अपूर्णांकाचंच घ्या. आपण सहज ३/४ लिहितो. इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास लिहिलेल्या इजिप्तच्या ऱ्हाइंड पपायरसमध्ये तो १/२ आणि १/४ यांची बेरीज म्हणून येतो. २/३ सोडला तर अंशस्थानी एकाहून मोठी संख्या ठेवायची रीतच तिथे नव्हती. भारतीय गणिती अंश वर आणि छेद खाली लिहीत, पण मधली रेघ आली ती पुढे अरबी गणितात. महाराष्ट्रातल्या जुन्या शाळांत हेच ज्ञान गळ्यात उतरवलेलं असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि साडेतीनचा पाढा म्हणजे औटकी! सोळा आण्यांच्या रुपयात त्यावाचून बाजारहाट होणार कसा? १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर पैसे झाले आणि पावकी-निमकीची जागा दशांश चिन्हाने घेतली. पाचवीतलं मूल ‘२५ पैसे म्हणजे ०.२५ रुपये’ असं लिहितं, तेव्हा पाव रुपयाचाच तो नवा अवतार असतो.

आता गणित मिटून परिसर अभ्यासाचा दुसरा भाग उघडा. इथे पाणिपत नाही की सिंहगड नाही. इथे सजीवांची उत्क्रांती आहे, अश्मयुगातली दगडाची हत्यारं आहेत, शेती करून एका जागी राहू लागलेली माणसं आहेत. ज्या काळात कुणी काही लिहूनच ठेवलं नाही, त्या काळाचं वय ठरवायचं कसं? एक उपाय कार्बन-१४. सजीव जिवंत असेपर्यंत हा किरणोत्सारी कार्बन घेत राहतो. मेल्यावर नवा कार्बन येणं थांबतं आणि साठलेला घटू लागतो. सुमारे ५,७३० वर्षांत निम्मा उरतो, आणखी तेवढ्याच वर्षांत पाव, त्यानंतर अष्टमांश. म्हणजे आपल्या कागदाच्या घड्याच! पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळात राहिलेल्या शेतकऱ्यांची घरं, चुली, धान्यसाठ्याच्या जागा सापडल्या. तीन हजार वर्षांपूर्वीच्या चुलीतला कोळसा आपलं वय सांगतो तो अपूर्णांकाच्या भाषेत. त्यात मूळच्या कार्बन-१४ पैकी साधारण ७/१० उरलेला असतो.

गणितात ‘कोन’ नावाचा धडा आहे. पूर्ण फेरी ३६० अंशांची, हे तिथे कळतं. ३६०च का? हा वारसा साठावर आधारलेल्या बॅबिलोनी गणनपद्धतीचा. साठला बारा विभाजक आहेत. दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, कशानेही भागा, बाकी उरत नाही. तासाची साठ मिनिटंही तिथलीच. आणि ‘विभाज्य व विभाजक’ हा धडा त्याच पुस्तकात थोडा पुढे आहे.

आता हे ३६० अंश पृथ्वीला लावून पाहा. परिसर अभ्यासाचा पहिला भाग सांगतो, की ती साधारण २४ तासांत स्वतःभोवती एक फेरी घेते. ३६० भागिले २४ म्हणजे तासाला १५ अंश, म्हणजेच एका अंशाला चार मिनिटं. भारताची प्रमाणवेळ ठरते ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखावृत्तावरून, आणि मुंबई आहे जवळपास ७३ अंशांवर. हा फरक साडेनऊ अंशांहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ३९ मिनिटांचा. मुंबईची स्थानिक वेळ, ‘बॉम्बे टाइम’, प्रमाणवेळेच्या नेमकी तेवढीच मागे होती आणि ती १९५५ पर्यंत पाळली जात होती. एका महानगराच्या घड्याळाचा इतिहास पाचवीच्या भागाकारात मावतो!

आणि ज्या फिरण्यावर हे सगळं उभं आहे, ते फिरणं मात्र कुणालाच जाणवत नाही. विषुववृत्तावरचा माणूस ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरत असतो, तरी त्याच्या कपातला चहा हिंदकळत नाही. नावेतल्या माणसाला काठच मागे सरकताना दिसतो, तसंच ताऱ्यांचं आहे, असं आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये मांडलं. लोकांसमोर लंबक टांगून हे फिरणं दाखवायला १८५१ साल उजाडावं लागलं. पॅरिसमध्ये भौतिकशास्त्रज्ञ फुकोने ते केलं. पाचवीच्या वर्गात हे एका तासिकेत होतं, तेही चेंडू आणि टॉर्च घेऊन.

मराठीच्या तासालाही हाच खेळ चालतो. ‘पोटात कावळे ओरडतात’ हे वाचून मूल कावळे शोधत बसत नाही. शब्दांमागचा अर्थ त्याला दिसू लागतो. त्याच वर्षी परिसर अभ्यासात शरीराच्या आतल्या इंद्रियांची ओळख होते आणि पोटात खरोखर काय चालतं, तेही कळतं. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, आणि कुठलं कधी द्यायचं हे ओळखणं हाही अभ्यासच.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांच्या मांडणीनुसार, निव्वळ अमूर्त विचार करणं साधारण अकराव्या-बाराव्या वर्षापासून जमू लागतं. पाचवीतलं मूल दहा वर्षांचं, म्हणजे उंबरठ्यावर उभं. त्याला पलीकडचं दिसू लागलंय, पण हातात कागद, चेंडू, कोनमापक लागतोच. धडा नुसता पाठ करून घेतला तर मूल उंबरठ्यावरच राहतं. वस्तू हातात दिली तर आपणहून आत येतं.

त्यामुळे ‘एवढ्या मोठ्या संख्या शिकून उपयोग काय?’ असं एखाद्या मुलाने विचारलं, तर त्याला मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजायला सांगा. मिनिटाला ८० ठोके धरू. तासाला ४,८००. दिवसाला १,१५,२००. वर्षाचे ३६५ दिवस घेऊन गुणाकार केला, की उत्तर येतं ४,२०,४८,०००. पाचवीत कोटीचं घर शिकवतात. आपल्याच हृदयाचे एका वर्षाचे ठोके लिहायचे, तर त्या घराशिवाय भागत नाही.