आहारातील ट्रान्स मेदाम्ले : रेणूची ठेवण आणि हृदयाचे आरोग्य

आहारातील स्निग्ध पदार्थांची चर्चा करताना ‘किती खावे’ हा प्रश्न बहुधा प्रथम विचारला जातो. एक ग्रॅम स्निग्ध पदार्थापासून सुमारे ९ किलोकॅलरी ऊर्जा मिळते हे पाहता तो अनाठायी नाही. तथापि, त्यातील मेदाम्लाच्या रेणूची ठेवण कशी आहे यावरही शरीरावरील परिणाम अवलंबून असतो. ट्रान्स मेदाम्ले हे याचे ठळक उदाहरण होय.

शेंगदाणा तेलात विपुल असणारे ओलेइक आम्ल आणि इलेडिक आम्ल ही दोन्ही १८ कार्बन अणूंची, एकाच रेणुसूत्राची मेदाम्ले आहेत. दोहोंत एकाच जागी एक दुहेरी बंध असतो. ओलेइक आम्लात त्या बंधालगतचे दोन्ही हायड्रोजन अणू एकाच बाजूस असतात. या ‘सिस’ रचनेमुळे साखळीला बाक येतो. इलेडिक आम्लात ते विरुद्ध बाजूंस असतात. ही ‘ट्रान्स’ रचना असून तीत साखळी जवळजवळ सरळ राहते आणि सरळ साखळ्या एकमेकींना बिलगून बसतात. म्हणूनच ओलेइक आम्ल सुमारे १३ अंश सेल्सिअसला वितळते, तर इलेडिक सुमारे ४५ अंशांना.

नेमका हाच गुण उद्योगास हवा होता. विल्हेल्म नॉर्मन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०२ मध्ये निकेल उत्प्रेरकाच्या साहाय्याने द्रव तेल घट्ट करण्याच्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. भारतात १९३७ मध्ये ‘डालडा’ आला आणि वनस्पती तूप घरोघरी पोहोचले. हायड्रोजनीकरण अर्धवट थांबविल्यास निकेलच्या पृष्ठभागावर उघडलेले काही बंध पुन्हा जुळताना ट्रान्स रूप धारण करतात. ते पूर्णत्वास नेल्यास मात्र बंधच उरत नाहीत आणि मुख्यतः संपृक्त स्टिअरिक आम्ल तयार होते.

नेदरलँड्समधील मेन्सिंक व काटान यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, ट्रान्स मेदाम्ले रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल वाढवितात आणि हितकारक मानले जाणारे एचडीएल घटवितात. संपृक्त मेदाम्ले एलडीएल वाढवितात. एचडीएल घटवीत नाहीत. लोण्याऐवजी घट्ट मार्गारिन खावे, असा सल्ला तोवर अनेक देशांत दिला जात होता, हे येथे नमूद करावेसे वाटते.

डेन्मार्कने २००३ मध्ये खाद्य स्निग्धांशात औद्योगिक ट्रान्सची २ टक्के मर्यादा घातली. भारतात तीच मर्यादा जानेवारी २०२२ पासून लागू झाली. दूधतुपातील नैसर्गिक ट्रान्स तीत धरलेले नाही. ही मर्यादा स्वागतार्ह असली तरी प्रश्न पूर्णतः सुटला, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. वनस्पतीची जागा बव्हंशी पाम तेलाने घेतली आणि त्यात ४० टक्क्यांहून अधिक पामिटिक हे संपृक्त आम्ल असते. तेव्हा प्राध्यापक कक्षात चहाबरोबर येणाऱ्या खारीच्या वेष्टनावर ट्रान्सपुढील शून्य वाचून थांबणे पुरेसे नाही. संपृक्त स्निग्धांशाचा आकडाही पाहावा.

उपाहारगृहातील कढईला तर वेष्टनच नसते. एकच तेल वारंवार तापविल्यास त्यात ध्रुवीय संयुगे साठत जातात. त्यांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झालेले तेल वापरण्यास २०१८ पासून भारतात मनाई आहे. पण कढईतील तेलाची अशी तपासणी आपल्या किती महाविद्यालयांत होते?