रात्री दूरची केंद्रे का ऐकू येतात?

दिवसा रेडिओची कळ कितीही फिरविली, तरी मध्यम लहरींवरील दूरचे केंद्र सहसा लागत नाही. तेच सूर्यास्तानंतर स्पष्ट ऐकू येऊ लागते. हा रेडिओचा दोष नव्हे. याचे कारण जमिनीपासून सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर, सूर्यप्रकाश आणि हवेतील लहान रेणू यांच्यामध्ये चालणाऱ्या व्यवहारात सापडते.

रेणूतील इलेक्ट्रॉन बद्ध असतात. त्यांपैकी एखादा सोडवावयाचा, तर ठरावीक ऊर्जा खर्ची घालावी लागते. आइन्स्टाइन यांनी १९०५ साली मांडलेल्या कल्पनेनुसार प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुंजांच्या रूपाने मिळते. तरंगलांबी जितकी कमी, तितका पुंज मोठा. अपुऱ्या पुंजांचा वर्षाव झाला, तरी सामान्यतः इलेक्ट्रॉन सुटत नाही; पुरेसा असा एकच पुंज मात्र ते कार्य करू शकतो.

प्रत्येक रेणूची मागणी निराळी असते. नायट्रोजनला १५.५८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऑक्सिजनला १२.०७, तर नायट्रिक ऑक्साइडला अवघे ९.२६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. सूर्यावरील हायड्रोजनपासून निघणाऱ्या ‘लायमन-आल्फा’ या जंबुपार किरणांची तरंगलांबी १२१.६ नॅनोमीटर असून त्यांच्या एका पुंजात १०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असते. पहिल्या दोन वायूंना ती अपुरी पडते. योगायोग असा की, नेमक्या याच तरंगलांबीला ऑक्सिजन फारसा अडवीत नाही. म्हणून हे किरण इतके खाली उतरतात आणि तेथील अत्यल्प नायट्रिक ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन सोडवितात. बेल्जियन शास्त्रज्ञ मार्सेल निकोले यांनी १९४५ साली हे सुचविले.

मोकळे झालेले इलेक्ट्रॉन रेडिओलहरींमुळे हेलकावू लागतात, भोवतालच्या रेणूंवर आदळतात, आणि लहरींची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने विरून जाते. सूर्य मावळला की, बहुतेक इलेक्ट्रॉन पुन्हा आयनांशी वा रेणूंशी जोडले जातात. मग वरच्या थरांवरून परावर्तित झालेल्या लहरी दूरवर पोहोचतात.

सूर्यावर मोठा उद्रेक झाल्यास प्रखर क्ष-किरण याच थरात शिरतात. त्यांच्यापुढे नायट्रोजन व ऑक्सिजन यांचाही निभाव लागत नाही. इलेक्ट्रॉनांची संख्या एकाएकी वाढते आणि पृथ्वीच्या प्रकाशित बाजूवरील लघुलहरींचे दळणवळण काही मिनिटे, प्रसंगी काही तास, खंडित होते. अशा वेळी महासागरावरील विमाने व जहाजे यांचा लघुलहरींवरील संपर्क तुटू शकतो. म्हणूनच कोणता रेणू कोणत्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन गमावतो, हे प्रयोगशाळेत काटेकोरपणे मोजून ठेवणे अगत्याचे ठरते.