फुलम ते केडगाव

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, पण त्यातला फुलमचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. माझ्या मते सारे प्रकरण तिथूनच वाचायला हवे.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडात वाँटेजच्या जोगिणींकडे राहत होत्या. या जोगिणींनी त्यांना लंडनमधील फुलम येथला आपला आश्रम दाखवला. समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रिया तिथे सांभाळल्या जात, आणि त्यांतल्याच काही पुढे आजाऱ्यांच्या शुश्रूषेला लागलेल्या रमाबाईंनी पाहिल्या. हे तुम्ही का करता, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे आधी काम दिसले, मग ग्रंथ उघडला. सिद्धान्ताच्या बाबतीत त्या कुणाचे सहज ऐकणाऱ्या नव्हत्याच. त्रैक्यासारख्या प्रश्नांवर सिस्टर जेराल्डिनशी त्यांनी घातलेला वाद पत्रव्यवहारात वाचायला मिळतो.

१८८९ साली मुंबईत सुरू झालेले शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आले. रमाबाई आपल्या प्रार्थनेच्या वेळी खोलीचे दार उघडे ठेवत. काही मुली तिथे येऊन बसू लागल्या. १८९३मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. टीकाकारांची शंका निव्वळ द्वेषातून आली होती असे मला वाटत नाही. आश्रयाला आलेल्या मुलीची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न खरा आहे. पण उघड्या दाराला कपट म्हणता येत नाही.

आई, वडील आणि बहीण रमाबाईंनी दुष्काळाच्या हालअपेष्टांतच गमावली होती. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना ही कामे बायकाच करीत. अंध स्त्रियांसाठी बार्तीमी सदन निघाले. आणि कृपासदन निघाले, ते फुलमला पाहिलेल्या स्त्रियांसारख्यांसाठी. इथे तो धागा हाती लागतो.

रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद याच छापखान्यात सदनातल्या बायकांनी जुळवला. त्याचे काम ५ एप्रिल १९२२ला त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालू होते.