नवा हेडसेट, जुनी खोली

अ‍ॅपल व्हिजन प्रो हा हेडसेट फेब्रुवारी २०२४ मध्ये आला आणि एम५ चिपची सुधारित आवृत्ती ऑक्टोबर २०२५ मध्ये. चित्र आता सेकंदाला कमाल १२० वेळा ताजे होते. आधीची कमाल १०० होती. पिक्सेल दहा टक्के जास्त रंगवले जातात, त्यामुळे बारीक अक्षरे ठसठशीत दिसतात. बॅटरी दोनऐवजी अडीच तास चालते. किंमत मात्र तीच, ३,४९९ डॉलर. वजन तर वाढून ७५० ते ८०० ग्रॅम झाले, कारण तोल साधायला नव्या पट्ट्यातच वजन घातले आहे. गालांवरचा दाब कमी होईल, मानेवरचा भार नाही.

लालबाग-परळमध्ये खरी अडचण जागेची. मेटा क्वेस्ट या दुसऱ्या हेडसेटवर चालत-फिरत खेळायला दोन बाय दोन मीटर, म्हणजे सुमारे ४३ चौरस फूट मोकळी जमीन लागते. ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात पलंग, कपाट, ओटा, शिवाय डोक्यावर पंखा. तिथे हेडसेट बसूनच वापरावा. सिनेमा आणि मोठ्या पडद्यावरचे काम बसूनही उत्तम होते.

ट्यूबलाइट लावून ठेवा, कमी उजेडात हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून समोरची खोली रवाळ दिसते. कपाटाचा आरसा झाका, त्याने कॅमेरे गोंधळतात. व्हिजन प्रोमध्ये चष्मा मावत नाही, नंबरची भिंगे वेगळी घ्यावी लागतात. आणि हेडसेट खिडकीत कधीच ठेवू नका: भिंगातून ऊन आत गेले की पडदा कायमचा करपतो.