कॅनडाची नाणी जमवताय? मिंटेजचा आकडा नीट वाचा

कॅनडात शिकायला-नोकरीला गेलेली मुलं सुट्टीत घरी येताना तिकडची नाणी आणतात आणि धाकट्यांना जमवायचा शौक लागतो. मग कॅटलॉग उघडला जातो. प्रत्येक नाण्यासमोर मिंटेजचा आकडा असतो, म्हणजे टांकसाळीने ती किती पाडली. आकडा लहान तर नाणं मौल्यवान, असा सरळ हिशोब बरेच जण करतात. विकणाराही तोच आकडा दाखवून भाव सांगतो. पैसे काढण्याआधी जरा थांबा.

१९२१ चं चांदीचं पाच सेंटचं नाणं घ्या. मिंटेज २५,८२,४९५. ढीगभर! पण १९२२ पासून पाच सेंटचं नाणं निकेलचं झालं आणि टांकसाळीत पडून असलेली चांदीची नाणी वितळवली गेली. आज जेमतेम चार-पाचशे उरली असावीत, असं जाणकार मानतात. आकडा पाडलेल्यांचा असतो, उरलेल्यांचा नाही.

उलट १९४८ चा चांदीचा डॉलर. मिंटेज अवघं १८,७८०. याचं कारण थेट आपल्याशी जोडलेलं आहे. सहाव्या जॉर्जच्या नाण्यांवर ‘भारताचा सम्राट’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरं असत. आपण स्वतंत्र झालो, ती अक्षरं काढावी लागली आणि नवे साचे लंडनहून यायला उशीर झाला. तोवर ओटावाच्या टांकसाळीने १९४७ सालचीच नाणी पाडली, फक्त सालापुढे मेपलचं बारीक पान घातलं. म्हणजे ही पानवाली नाणी १९४७ ची दिसतात, पण पाडली १९४८ मध्ये! १९४८ चा डॉलर महाग आहे, पण लोकांनी जपून ठेवल्यामुळे बाजारात मिळतो. १९२१ चं ते नाणं सहसा दिसतच नाही.

डबीत बंद, ‘मर्यादित मिंटेज’ छापलेल्या संग्राहक नाण्यांचं वेगळंच. ती कुणी खर्च करत नाही, त्यामुळे बहुतेक सगळी शाबूत राहतात. शिवाय छापलेला आकडा बऱ्याचदा कमाल मर्यादा असतो. आम्हाला तरी गुंतवणूक म्हणून ती घेण्यात अर्थ दिसत नाही.

आणि कधी एका आकड्यात दोन प्रकार दडलेले असतात. घोडेस्वार पोलिसांच्या शताब्दीचं १९७३ चं २५ सेंटचं नाणं १३ कोटींहून जास्त पाडलं गेलं. त्यातल्या थोड्याच नाण्यांवर राणीचा चेहरा किंचित मोठा आहे, आणि संग्राहक शोधतात ती हीच. घरात १९७३ चं नाणं असेल तर भिंग घेऊन राणीची बाजू बघा.